फळा, पडदा आणि पनवेलचे प्राध्यापक

१/ मार्च २०२०. टाळेबंदी लागली आणि पनवेलच्या महाविद्यालयांतील वर्ग ओस पडले. ज्यांचे अवघे अध्यापन खडू-फळ्यावर झाले, त्या प्राध्यापकांना काही दिवसांत झूम आणि गूगल मीटवर उभे राहावे लागले. साधने हाताशी होती. ती वापरणाऱ्या शिक्षकाला कोणी शिकवायचे? हा प्रश्न मात्र बराच जुना आहे. #थ्रेड #पनवेल

२/ सुरुवात साताऱ्यापासून करू. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये तेथे ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. खेडोपाडी शाळा पोहोचवायच्या, तर आधी शिक्षक घडवले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय याच संस्थेचे.

३/ उच्च शिक्षणात मात्र हा विचार उशिरा आला. माध्यमिक शाळेत शिकवायला बी.एड. लागते; महाविद्यालयात विषयातील पदव्युत्तर पदवी, पुढे नेट, सेट किंवा पीएच.डी. विषय येतो म्हणजे तो शिकवताही येतो, असे गृहीतच धरले गेले. नवे तंत्र आले की या गृहीतकाला तडा जाई.

४/ १५ ऑगस्ट १९८४. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. इन्सॅट-१बी उपग्रहामुळे तज्ज्ञांचे विवेचन लहान गावांतही पोहोचू लागले. पण संवाद एकतर्फी, भाषा बहुतांशी इंग्रजी. दूरचित्रवाणी संचाशेजारी उभ्या असलेल्या प्राध्यापकाने नेमके काय करायचे, याचे उत्तर त्या पडद्यावर नव्हते.

५/ १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर देशभर ‘अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे’ उभी राहिली. नवख्यांसाठी उद्बोधन वर्ग, अनुभवींसाठी उजळणी वर्ग. ही उपस्थिती पदोन्नतीशी जोडली गेली. त्यामुळे वर्ग भरू लागले. मात्र शिकण्यापेक्षा प्रमाणपत्राला वजन येण्याची वाटही तेथूनच निघाली.

६/ वेगळा प्रयोग झाला पवईत. २००९ मध्ये केंद्र सरकारने माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान हाती घेतले. त्याअंतर्गत आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने एकाच वेळी हजारो शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची योजना आखली गेली. सर्वांना पवईला बोलावणे अशक्यच होते.

७/ म्हणून देशभरातील महाविद्यालये दूरस्थ केंद्रे झाली. आधी प्रत्येक केंद्राचा समन्वयक पवईत तयार व्हायचा. मग शिक्षक जवळच्या केंद्रात एकत्र बसून थेट प्रक्षेपणातून शिकायचे. प्रश्न विचारता येई. अडल्यास मदतीला शेजारी माणूस असे. कंट्रीवाइड क्लासरूममध्ये जे नव्हते, ते हेच.

८/ त्याच आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ घडले: साधारण दहा मिनिटांचे धडे. पडद्याच्या एका बाजूला धडा चालतो, दुसऱ्या बाजूला शिकणारा तेच करून पाहतो. हवे तेथे थांबावे, हवे तितक्या वेळा मागे जावे. आवाज मराठीतही उपलब्ध. संकोची शिकाऊ माणसासाठी ही मोठीच सोय.

९/ संकोच हा या इतिहासातला दुर्लक्षित धागा. फळ्यावरची चूक डस्टरने पुसली जाते. ध्वनिचित्रमुद्रणात ती कायम राहते. ज्ञानामुळे ज्याला मान, त्याने विद्यार्थ्यांदेखत ‘आवाज येतोय का?’ असे पुनःपुन्हा विचारायचे, यातला अवघडलेपणा कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेला नसतो.

१०/ त्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. जिल्ह्यात अनेक गावांची वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली. तंत्र शिकलेला शिक्षकही समोर विद्यार्थी नसेल तर हतबल होतो. दोष त्याच्या कौशल्याचा नव्हता. खांब आणि तारा उभ्या होण्याची वाट पाहणे भाग होते.

११/ २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा अनिवार्य ठरवल्या. ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत त्या बहुपर्यायी पद्धतीने ऑनलाइन झाल्या. ‘कारणे स्पष्ट करा’ असे विचारणाऱ्या इतिहासाच्या शिक्षकाला आता कारणांचे चार पर्याय करायचे होते. बदलली ती केवळ खिडकी नव्हे, प्रश्नाची जातच बदलली.

१२/ २०२३ मध्ये मालवीय मिशन आले; आता कृत्रिम बुद्धिमत्ता दाराशी आहे. पण सातारा ते पवई या वाटेवर यश आले ते ठरावीक गोष्टींमुळे: शिकण्यासाठी राखीव वेळ, जवळचे केंद्र, आपली भाषा, शेजारी बसणारा सहकारी आणि चुकण्याची मुभा. विद्यार्थ्याला हे सारे लागते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. शिकायला बसला की तोही विद्यार्थीच असतो.