गहुलीच्या नाईक घराण्याचा कुलवृत्तांत : साधने व अडचणी

भटक्या समाजातील घराण्याचा इतिहास लिहिताना सनदा, वतनपत्रे सहसा हाती लागत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातील गहुलीचे नाईक घराणे हे त्याचे ठळक उदाहरण होय. बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहण्याचा बंजाऱ्यांचा व्यवसाय रेल्वेच्या आगमनानंतर खालावला आणि तांडे स्थिरावू लागले. गहुली वसविली ती चतुरसिंग नाईक यांनी. फुलसिंग हे त्यांचे पुत्र, तर वसंतराव (जन्म १ जुलै १९१३) हे नातू.

येथे पहिली अडचण आडनावाची. ‘नाईक’ हे मूलतः तांडाप्रमुखाचे पद; घराण्याचे कूळ राठोड. पदाचेच आडनाव झाल्याने केवळ ‘नाईक’ शोधणाऱ्याचा शोध गहुलीपाशीच थांबतो. दुसरी अडचण दप्तराची. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशिम जिल्ह्यात होता. त्यामुळे त्यापूर्वीच्या महसुली नोंदी यवतमाळच्या नावाखाली शोधणे व्यर्थ होय.

त्याही मागे जायचे तर ढाडी-भाटांच्या मुखातील वंशावळीच उरतात. त्यांत पिढ्यांचा क्रम मिळतो, सन मिळत नाहीत. तथापि त्यांना दंतकथा ठरविणे अन्यायाचे होईल. विवाह जुळविताना कूळ पाहण्याची रूढी असल्याने चुकीची वंशावळ समाजालाच परवडणारी नव्हती.

वसंतराव (१९६३ ते १९७५) आणि पुतणे सुधाकरराव (१९९१ ते १९९३) राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्याविषयी कागद विपुल आहेत. चतुरसिंगांच्या पूर्वजांसाठी मात्र अभ्यासकाला तांड्यातील वृद्धांकडेच जावे लागते.