एका लिटरला वीस मिली

चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची ती कर्णकर्कश करवत, घेताना लोक सीसी बघतात, पात्याची लांबी बघतात, दुकानदाराशी घासाघीस करतात. आणि मग त्या महागड्या मशीनमध्ये दुकानात जी टू-टीची बाटली पुढे येईल ती ओततात. या वीकेंडचा विषय ती बाटली. (कंटाळवाणं वाटतंय? थांबा जरा.)

आधी थोडं इंजिन. आपल्या फोर-स्ट्रोक बाईकमध्ये खाली तेलाचं एक डबकं असतं, तिथून तेल सगळीकडे फिरतं. १८८९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डेने वेगळीच आयडिया केली. त्याने क्रँककेसचाच पंप केला. पिस्टन खाली येताना तिथलं हवा-इंधनाचं मिश्रण दाबलं जातं आणि वर सिलेंडरमध्ये घुसतं. भाग कमी, वजन कमी. पण ज्या खोलीतून इंधनाचा वारा वाहतोय तिथे तेल साठवणार कुठे? मग तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. जाता जाता ते बेअरिंगला, सिलेंडरला लागेल आणि शेवटी जळून जाईल. म्हणजे या तेलाकडून आपल्या दोन उलट्या अपेक्षा: आधी उष्णतेत टिकून वंगण दे, आणि मग मागे काहीही न ठेवता जळून जा. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोघांतली ओढाताण.

जर्मनीत आंद्रेआस श्टीलने १९२९ साली पेट्रोलवरची करवत आणली तेव्हा ती उचलायला दोन माणसं लागत. १९५० च्या आसपास डायफ्रॅम कार्ब्युरेटर आला आणि करवत आडवी, तिरकी, उलटी कशीही धरली तरी चालू राहायला लागली. फोर-स्ट्रोकचं डबकं असं उलटं धरून बघा! एकट्या माणसाच्या हातातली करवत टू-स्ट्रोकच राहिली ती म्हणून.

तेल मात्र तेव्हा साधंच होतं. त्या काळच्या अमेरिकन करवतींना १६:१ प्रमाण सांगितलेलं असे, आणि तेल कुठलं तर एसएई ३० मोटर ऑईल. लिटरला साठ मिलीच्या वर! धूर, काळा पडलेला प्लग, काजळीने बुजलेला एक्झॉस्ट. पुढे नीडल बेअरिंग आली, त्यांना तेल कमी पुरतं. तेलंही सुधारली. प्रमाण २५:१, ४०:१ करत ५०:१ वर आलं. म्हणजे लिटरला वीस मिली. आकडा ओळखीचा वाटतोय ना? घरी चेतक असलेल्यांना वाटेलच. दोन टक्के.

इथे आपला एक लाडका गैरसमज: "टाक थोडं जास्त, इंजिन सुखात राहील." इंजिन तसं सुखात राहत नाही. तेल वाढलं की तेवढ्याच मापात पेट्रोल कमी होतं, हवा तेवढीच राहते, मिश्रण लीन होतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. वर काजळी फुकट.

टू-स्ट्रोक तेलाला पहिल्यांदा नीट नियम लावले ते अमेरिकेतल्या बोटवाल्यांनी. त्यांचं टीसी-डब्ल्यू, आणि १९९० च्या दशकापासून टीसी-डब्ल्यू३. डब्ल्यू म्हणजे वॉटर. आऊटबोर्ड इंजिन पाण्यावर थंड होतं, म्हणून त्याचं तेल राखविरहित ठेवतात, प्लगवर आणि पिस्टनवर धातूची राख साचू नये म्हणून. करवत थंड होते हवेवर, तीही भुश्याने भरलेल्या फिन्समधून, आणि फिरते मिनिटाला बारा-तेरा हजार वेळा. एवढ्या उष्णतेत रिंग मोकळी ठेवायला धातूयुक्त डिटर्जंट लागतात. नेमके तेच बोटीच्या तेलात नसतात. मग रिंग चिकटते, पिस्टनवर ओरखडे येतात, आणि खेळ खल्लास.

हे मला इतकं पाठ असायचं कारण माझा मामा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धनकडची त्याची नारळ-सुपारीची बाग आडवी केली. मामाने करवत आणली आणि जेट्टीजवळच्या दुकानातून आऊटबोर्डची बाटली. फोनवर म्हणाला, "अरे, चांगली महागातली आहे. दिवसभर समुद्रात बोट चालते हिच्यावर, मग झाड कापायला काय धाड भरलीय?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "मामा, बोटीच्या बुडाखाली अख्खा अरबी समुद्र आहे, तुझ्या करवतीला फक्त एक पंखा." पटलं त्याला.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांसाठी नियम केले जपान्यांनी. त्यांच्या जासो संस्थेने १९९४ मध्ये तेलांना एफए, एफबी, एफसी अशा श्रेणी दिल्या. वंगण, सफाई, सुरुवातीचा टॉर्क, धूर आणि एक्झॉस्ट चोंदणं, अशा पाच परीक्षा. एफसी म्हणजे कमी धुराचं. नंतर आलेलं एफडी धुरात एफसीइतकंच, पण सफाईत वरचढ. धूर कमी झाला तो मुख्यतः जड खनिज तेलाचा काही भाग काढून पॉलिआयसोब्युटिलीन घातल्यामुळे.

आपल्याकडे हे आलं ते करवतींसाठी नव्हे, स्कूटर-रिक्षांच्या धुरामुळे. सुप्रीम कोर्टाच्या १९९८ च्या आदेशाने दिल्लीत सुटं टू-टी ऑईल विकणं बंद झालं आणि पंपावर मोजून मिसळून द्यायची सक्ती झाली. १ एप्रिल १९९९ पासून देशभर कमी धुराचं टू-टी आलं. स्कूटर गेल्या, पण ते तेल दुकानांत टिकून आहे. माझ्या मते या सगळ्या भानगडीचा सर्वात मोठा फायदा झाला तो करवत चालवणाऱ्याला. स्कूटरवाला धूर मागे सोडून जातो, करवतवाल्याचं नाक सायलेन्सरपासून हातभर लांब असतं.

तर घ्यायचं काय? बाटलीवर जासो एफडी किंवा आयएसओ ईजीडी असेल तर डोळे झाकून घ्या. ते नसेल तर एफसी. कारचं ऑईल नको, ते जळण्यासाठी बनवलेलंच नसतं. प्रमाण मॅन्युअलमध्ये असेल ते, चमच्याने नाही, मापाने. (आणि चेनवर सुटणारं चिकट तेल वेगळं, त्याची टाकीही वेगळी. दोन झाकणांची अदलाबदल करणारे महाभाग असतात.)

आता नवी डोकेदुखी ई२० पेट्रोलची. इथेनॉल पाणी ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धा भरलेला कॅन महिनोन् महिने पडून राहिला आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात. तुम्ही मोजून घातलेलं भारीतलं ऑईल राहतं वर, पेट्रोलबरोबर. आणि करवतीच्या टाकीतली नळी इंधन ओढते तळातून. म्हणून तुमच्या मॉडेलला किती इथेनॉल चालतं ते मॅन्युअलमध्ये बघा आणि महिन्याभरात संपेल एवढंच मिसळा. मामा आता एका वेळी एकच लिटर करतो.