मिक्सरच्या खोक्यातला इतिहास

२००२ साली एम.एस.साठी अमेरिकेला निघालो, तेव्हा आईने बॅगेत आग्रहाने घरचा मिक्सर कोंबला होता. इथल्या ११० व्होल्टवर तो इतका मरगळून फिरायचा की दाण्याचं कूट दूरच, दाणेही धड फुटत नसत. मग एक ‘स्टेप-अप’ ट्रान्सफॉर्मर घेतला. दिसायला विटेएवढं, पण उचलताना मनगटाची परीक्षा घेणारं ते खोकं अजून आमच्या किचनमध्ये आहे. गेल्या दिवाळीत मुलीने विचारलं, “बाबा, ह्यात एवढं जड काय आहे?”

“लोखंड आणि तांबं,” मी म्हटलं. तिचं समाधान झालं नाही. खरं तर माझंही नाही. आयटीच्या नादात बारावीचं फिजिक्स पार गंजलेलं! म्हणून वाचायला बसलो, आणि बॉस्टनहून अडीच तासांच्या ड्राइव्हवर घडलेली एक गोष्ट हाती लागली.

आधी खोक्यातलं गणित. लोखंडाच्या एकाच गाभ्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. त्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. पहिलीतला उलटसुलट वाहणारा प्रवाह लोखंडात बदलतं चुंबकत्व निर्माण करतो, आणि ते दोन्ही गुंडाळ्यांच्या प्रत्येक फेऱ्याला सारखाच दाब देतं. समजा, ११० व्होल्टला २२० फेरे आहेत. म्हणजे फेऱ्यामागे अर्धा व्होल्ट. दुसरीकडे ४४० फेरे दिले की २२० व्होल्ट तयार. फुकट मात्र काही नाही: दाब दुप्पट झाला की प्रवाह निम्मा होतो.

हे मूळ मायकेल फॅरेडेला २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये सापडलं. त्याच्या लोखंडी कड्यावर अशाच दोन गुंडाळ्या होत्या. बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसऱ्या बाजूची सुई हलायची. प्रवाह स्थिर झाला की गप्प. पण त्यातून गावाला वीज द्यायला आणखी ५५ वर्षं जावी लागली.

एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं, पण त्याची ११० व्होल्टची एकदिश वीज जेमतेम मैलभर पोचायची. त्यापुढे तारा तापण्यातच ती खर्च व्हायची. दाब पाचपट केला तर तेवढ्याच विजेला प्रवाह एक-पंचमांश लागतो आणि तारेतली नासाडी पंचविसाव्या हिश्शावर येते. मात्र एवढा दाब घरातल्या दिव्याला चालत नाही. दाराशी तो उतरवायला हवा.

फ्रान्सच्या ल्युसिएं गोलारने इंग्रज भागीदार गिब्जबरोबर १८८४ साली इटलीत तूरिनजवळ ४० किलोमीटर वीज नेऊन दाखवली. पण त्याची यंत्रं माळेतल्या मण्यांसारखी एकामागून एक जोडलेली. एकीकडचे दिवे मालवले की बाकीच्यांचा दाब बिघडायचा. इंग्लंडमध्ये त्याच्या पेटंटवर खटला झाला आणि ते रद्द ठरलं. १८८८ साली पॅरिसच्या मनोरुग्णालयात तो गेला. मला ह्या सगळ्यात त्याचंच सर्वांत वाईट वाटतं. अर्धी वाट त्याने काढली होती.

उरलेली वाट बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या झिपेर्नोव्स्की, देरी आणि ब्लाथी ह्या तिघांनी १८८५ मध्ये काढली. त्यांनी लोखंडाचा गाभा बंद केला, यंत्रं समांतर जोडली आणि हवा तेवढा दाब फेऱ्यांच्या प्रमाणातून मिळवला.

इकडे जॉर्ज वेस्टिंगहाउसने गोलारची यंत्रं मागवली होती. त्यांतला दोष काढायला लागला विल्यम स्टॅनली. प्रकृती ढासळल्यामुळे तो मॅसॅच्युसेट्सच्या ग्रेट बॅरिंग्टनला येऊन राहिला होता. रबराच्या एका जुन्या बंद गिरणीत त्याने प्रयोगशाळा थाटली, मेन स्ट्रीटवरच्या एल्म झाडांवरून तारा नेल्या, आणि २० मार्च १८८६ रोजी गावातल्या दुकानांत दिवे लावून दाखवले. गिरणीतून ५०० व्होल्ट निघायचे आणि दुकानाशी उतरून १०० व्हायचे.

ऑक्टोबरमध्ये फॉल कलर्स बघायच्या निमित्ताने आम्ही त्या मेन स्ट्रीटवर चक्कर मारली. मी हे सगळं रंगवून सांगत होतो. मुलगी कॉफी शॉपच्या खिडकीतून आतले दिवे बघत म्हणाली, “पाचशेचे शंभर म्हणजे पाचास एक. मग आपल्या मिक्सरचं खोकं उलटं लावलं तर?”

“तर ११० चे ५५ होतील,” मी म्हटलं, “आणि आजीचा मिक्सर बहुतेक जागचा हलणारच नाही.”