प्रवाळ-मत्स्यालयातील भांडखोर मासे

प्रवाळ-मत्स्यालयातील भांडखोर मासे : खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोबतच्या माशांचा पाठलाग करणारे, त्यांचे पर कुरतडणारे, त्यांना खाण्याजवळ फिरकू न देणारे किंवा टाकीतले शंख, झिंगे व प्रवाळ फस्त करणारे मासे. यांत दोन प्रकार वेगळे धरावे लागतात. काही मासे जागेसाठी भांडतात, तर काही केवळ पोट भरतात. लायनफिश कुणाशी भांडत नाही. तोंडात मावेल तो मासा तो गिळतो, आणि फुलपाखरू-माशांच्या अनेक जाती प्रवाळाचे जीव टिपूनच जगतात. अशांना टाकीत आणू नये, एवढाच त्यावर इलाज. या नोंदीत मुख्यतः जागेसाठी भांडणाऱ्या माशांचा विचार केला आहे, कारण तिथे पाळणाऱ्याच्या हाती खरोखरच काही असते.

प्रवाळभित्तीवर लपायचे बीळ, अंडी चिकटवायची सपाट जागा आणि शेवाळाचा चांगला तुकडा यांसाठी सतत ओढाताण चालते. डॅमसेल कुळातल्या काही जाती शेवाळाची राखण करतात : नको ते शेवाळ उपटून टाकतात, चरायला आलेल्या मोठ्या माशांवरही धावून जातात. समुद्रात हरलेला मासा काही मीटर लांब गेला की प्रकरण मिटते. बांधावरून वाद होतो तेव्हा दोन्ही बाजूंना निदान रान तरी असते. तीन फुटी टाकीत बांधापलीकडे काच असते. म्हणून समुद्रात क्षणभराची असलेली झटापट टाकीत दिवसभर चालते आणि दुबळा मासा चार-आठ दिवसांत मरतो. दोष माशाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा टाकीच्या मांडणीत शोधावा.

ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी आक्रमकतेवरील १९६३ च्या आपल्या पुस्तकाची सुरुवात प्रवाळमाशांपासूनच केली. फ्लोरिडाच्या समुद्रातली आणि टाक्यांतली निरीक्षणे मांडून त्यांनी दाखवले, की भडक रंगांचा मासा सर्वांत जास्त तुटून पडतो तो आपल्याच जातीच्या माशावर. त्याचा रंग हे जागेवरची मालकी जाहीर करण्याचे साधन असते. (लोरेन्झ यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.) पुढच्या अभ्यासकांनी यात भर घातली : शेवाळ राखणारा डॅमसेल शेवाळ खाणाऱ्या परक्या जातींनाही तितक्याच त्वेषाने हाकलतो. पाळणाऱ्याला यातून मिळणारा धडा सोपा आहे. अंगाची ठेवण, रंग आणि अन्न या तिन्ही गोष्टी जुळणारे दोन मासे एका टाकीत ठेवले तर भांडण ठरलेले.

नेहमी आढळणारे भांडखोर. सर्वांत जास्त फसवणूक होते ती डॉमिनो डॅमसेलबाबत. काळाभोर, नखाएवढा, अंगावर तीन पांढरे ठिपके. स्वस्त आणि काटक. नव्या टाकीत पहिला मासा म्हणून तोच सोडला जातो. वर्षभरात ठिपके फिके पडतात, मासा तळहाताएवढा होऊ लागतो आणि टाकी साफ करायला घातलेल्या हातालाही टोचे मारतो. तोवर सगळा खडक त्याच्या मालकीचा झालेला असतो. याच कुळातले काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे मालवणच्या खडकाळ पाण्यात दिसतात. त्यांचा नर अंड्यांजवळ पहारा देतो, तेव्हा जवळ येणाऱ्या कुणालाही तो सोडत नाही.

क्लाउनफिशही डॅमसेलच्याच कुळातला. त्यांच्या गटात सर्वांत मोठी ती मादी. ती मेली की तिचा जोडीदार नर मादी होतो. म्हणून दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एकत्र टाकू नयेत. लहान वयाचे, एक थोडा मोठा व एक लहान असे दोन घ्यावेत, म्हणजे जोडी आपोआप ठरते. गडद तांबडा मरून क्लाउन या साऱ्यांत तापट.

सर्जनफिशच्या शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, आणि शेपटीच्या एका फटक्यात तो दुसऱ्याचे अंग चिरतो. हिंदी महासागरातला पावडर ब्लू हा त्यांतला देखणा, पण सर्जनफिशच्या दुसऱ्या जातीही त्याला खपत नाहीत. त्यातच ताण आला की पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला तो लवकर बळी पडतो. डॉटीबॅक आणि सहा रेघांचा रॅस बोटाएवढेच असतात, तरी नव्या, लाजाळू माशाला कोपऱ्यात कोंडून मारतात. ट्रिगरफिशचे दात शंख-खेकडे फोडण्यासाठी आहेत. त्याच्या टाकीत झिंगा टिकत नाही.

ओळख. पाठलाग डोळ्यांना दिसतो, पण दिवे लावून माणूस समोर बसला की मासे खाण्याच्या आशेने पुढे येतात आणि खरा प्रकार लपतो. दाब सहन करणारा मासा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, बहुधा पंपाच्या किंवा हीटरच्या आडोशाला उभा राहतो. त्याच्या परांच्या कडा फाटलेल्या असतात, कल्ले भरभर हलतात, रंग उतरतो. खाणे टाकल्यावर तो घासापर्यंत येतो, पण कोपऱ्यातल्या दुसऱ्याकडे पाहून मागे फिरतो. असे दोन दिवस दिसले तर वाट पाहू नये.

उपाय. पहिला उपाय खरेदीच्या आधीचा : शांत मासे आधी, तापट शेवटी. ज्याने आधी पाय रोवले तोच मालक, हा टाकीतला कायदा आहे. हा क्रम चुकला असेल तर खडक हलवावेत. बिळे व आडोसे बदलले की जुन्या हद्दी मोडतात आणि जुन्या माशालाही नव्याने जागा शोधावी लागते. नवा मासा सोडायचा तो याच वेळी, दिवे बंद करून, बाकीच्यांना पोटभर खाऊ घालून. खडकाचा एक सलग ढीग करण्याऐवजी मधे मोकळी वाट ठेवून दोन ढीग केले तर दोन मालक नांदू शकतात.

नव्या माशाला सुरुवातीचे काही दिवस भोके पाडलेल्या पारदर्शक पेटीत टाकीतच ठेवणे हा फार गुणकारी उपाय. दोघे एकमेकांना पाहतात, पण दात पोहोचत नाहीत. याच्या उलटही करता येते : भांडखोरालाच आठवडाभर पेटीत ठेवायचे आणि बाकीच्यांनी जागा वाटून घेतल्यावर सोडायचे. काचेला बाहेरून आरसा लावला तर काही मासे प्रतिबिंबाशी भांडण्यात गुंततात आणि नवख्याला उसंत मिळते. पण भांडणारा मासा आरशापुढून हलेनासा झाला, खाणे सोडू लागला, तर आरसा काढावा.

हे सारे करूनही पाठलाग थांबला नाही तर मासा बाहेर काढणे भाग असते. जाळी घेऊन टाकीभर त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्यात बाकीचे मासेच अर्धमेले होतात. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवावा, आत खाणे ठेवावे, आणि बाकीच्या टाकीला दिवसभर उपाशी ठेवावे. हावरा मासा बहुधा पहिलाच आत शिरतो. रात्री झोपलेला मासा टॉर्चच्या उजेडात सापडतो. ट्रिगर मात्र बिळात शिरून पाठीचा पहिला काटा उभा करतो, त्यामागचा काटा तो जागच्या जागी अडकवतो, आणि मासा खडकात पाचर मारल्यासारखा घट्ट बसतो. तो ओढून निघत नाही. ओढला तर जखमी होतो. खडकच माशासकट उचलून बादलीत ठेवावा.

टाकीतला खडक कशाचा असावा, याला भारतात कायद्याचीही बाजू आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी सर्व प्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आले. तेव्हा अशी प्रवाळे किंवा त्यांचे सांगाडे समुद्रातून आणून टाकीत मांडणे गुन्हा ठरतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. तिथला दगडगोटाही हलवू नये. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक वापरावेत. माशाला बीळ हवे असते, ते कशाचे आहे याची त्याला फिकीर नसते. मासेही शक्यतो हॅचरीतले घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश व अनेक डॅमसेल यांच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे, त्यामुळे निदान या कुळासाठी समुद्र ओरबाडण्याची गरज उरलेली नाही.

घाटावरची टाकी. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला (१९५१) समुद्र समोरच होता. घाटावरच्या आजऱ्यासारख्या गावी खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ कालवून तयार केलेला समुद्र; २०० लिटरला ७ किलो. जखमी मासा वेगळा ठेवायला दुसरी टाकी लागते, म्हणजे हा खर्च पुन्हा. तरी ती टाकी आधीपासून तयार हवी, कारण पावसाळ्यात रात्री वीज गेली आणि प्राणवायू कमी पडू लागला, की कोंडलेला दुबळा मासाच आधी जातो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा.

काढलेला मासा आजऱ्याजवळच्या हिरण्यकेशी नदीत सोडू नये. खाऱ्या पाण्यातला मासा सतत पाणी पितो आणि जादा मीठ बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात ते पाणी उलट त्याच्या अंगात शिरते आणि तो तडफडून मरतो. आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याच्या किंवा मालवणच्या समुद्रात सोडणे त्याहून घातक, कारण तिथे तो जगू शकतो. फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये पहिला लायनफिश आढळला. टाक्यांतून सोडलेल्या अशा माशांची प्रजा पुढे साऱ्या कॅरिबियन समुद्रात पसरली आणि तिथले लहान प्रवाळमासे तिने फस्त केले. शिवाय टाकीतले रोगही माशाबरोबर जातात.

योग्य वाट म्हणजे कोल्हापूर किंवा बेळगावकडच्या दुसऱ्या पाळणाऱ्याकडे वा दुकानात तो पोहोचवणे. प्रवासाआधी एक दिवस खाणे बंद ठेवावे. पिशवीत एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायू भरून ती थर्माकोलच्या पेटीत अंधारात ठेवावी. सर्जनफिशच्या काट्याने पिशवी फाटते म्हणून ती दुहेरी घ्यावी, आणि ट्रिगर दातांनी प्लॅस्टिक फोडतो म्हणून त्याला पिशवीऐवजी झाकणाच्या बादलीत न्यावे.