जुन्या चित्रपट-मालिकांच्या गप्पा (सातपूर, नाशिक)

जुने चित्रपट आणि दूरदर्शनच्या जुन्या मालिका आवडीने पाहणारी माणसे एकत्र आली की पाहिलेल्याविषयी ज्या गप्पा मारतात, त्यांची ही नोंद आहे. अशा गप्पा महाराष्ट्रात कुठेही रंगतात. सातपूर परिसरात मात्र त्यांना दोन गोष्टींचा आधार आहे. एक म्हणजे कामगार वसाहतींतले सामायिक जगणे आणि दुसरी म्हणजे दादासाहेब फाळके यांच्या नाशिकचा वारसा. या गप्पांना कोणी सहसा अभ्यासाचा विषय मानत नाही. तरीही ज्या चित्रपटांची रिळे आणि ज्या कार्यक्रमांच्या फिती नष्ट झाल्या, त्यांच्याविषयीची पुष्कळशी माहिती केवळ पाहणाऱ्यांच्या बोलण्यातून पुढे आली आहे. कोशात त्यांना जागा देण्याचे कारण तेच.

सातपूर हे नाशिकच्या पश्चिमेचे, त्र्यंबक रस्त्यावरचे मूळ गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींमध्ये सातपूरची गणना होते. कारखाने आले तसे कामगार आले. नाशिक जिल्ह्यातल्या तालुक्यांतून, धुळे-जळगावकडून, नगरकडून आणि पुढे उत्तर भारतातूनही कुटुंबे येथे स्थिरावली. सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगर या वस्त्या त्यातून वाढल्या. १९८२ मध्ये नाशिक महापालिका झाली तेव्हा सातपूर तिच्यात आले आणि आज ते महापालिकेच्या सहा विभागांपैकी एक आहे. येथल्या गप्पांत मराठी, अहिराणी आणि हिंदी एकाच वाक्यात येतात ते या वस्तीच्या घडणीमुळे.

त्र्यंबक रस्त्याने सातपूरहून पुढे निघाले की अंजनेरी लागते आणि नंतर त्र्यंबकेश्वर. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांनी मुंबईत, दादरला तयार केला आणि तो ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याच वर्षी त्यांनी आपले बिऱ्हाड आणि निर्मिती नाशिकला हलवली. ‘मोहिनी भस्मासुर’ हा त्यांचा दुसरा मोठा चित्रपट नाशिकचा. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमळाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, यांनी कामे केली. स्त्रियांची कामे पुरुष करीत, त्या काळी मायलेकींनी कॅमेऱ्यासमोर उभे राहणे ही फार मोठी गोष्ट होती. १९१८ मध्ये ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ नाशिकलाच उभी राहिली. फाळके यांचे निधनही येथेच, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेने त्यांचे स्मारक उभारले आहे.

जुन्या चित्रपटांवर बोलणारा नाशिककर फाळक्यांपाशी आला की ‘पहिला चित्रपट कोणाचा’ हा वाद निघतोच. रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी जवळजवळ वर्षभर, त्याच कॉरोनेशनमध्ये दाखवला गेला होता. तो रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होता, कॅमेरा परदेशी माणसाने चालवला होता आणि फितीवरची प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती, म्हणून मान फाळक्यांकडे जातो. हा निकाल रास्त आहे. पण तोरण्यांचे नाव न घेता तो सांगणे रास्त नाही, आणि चांगल्या गप्पांमध्ये ते नाव घेतले जातेच. फाळक्यांच्या यशात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा वाटाही असाच आवर्जून सांगितला जातो. घरातले दागिने गहाण पडले, फितीला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्यांनी शिकून घेतली आणि वर साऱ्या कंपनीचा स्वयंपाकही केला.

‘लंकादहन’ (१९१७) हा नाशिकच्या गप्पांतला सर्वांत लाडका विषय म्हणावा लागेल. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या, तर गणपत शिंदे हनुमान झाले होते. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढीत असे सांगतात. तिकिटाचे पैसे पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावे लागले, अशीही आख्यायिका आहे. हा चित्रपट आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. त्यामुळे आजचा कोणीही बोलतो तो ऐकलेल्याच्या, वाचलेल्याच्या आणि उरलेल्या तुकड्यांच्या आधारावर बोलतो. अंजनेरीचा डोंगर हनुमानाचे जन्मस्थान मानला जातो. पंचवटी, काळाराम मंदिर आणि सीतागुंफा शहरातच आहेत. हनुमानाच्या पराक्रमावरचा तो गाजलेला मूकपट याच भूमीत चित्रित व्हावा, याचे येथल्या माणसांना अप्रूप वाटते ते उगीच नाही.

भारतात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले आणि त्यांतले अगदी मोजके, तेही बहुधा तुकड्यांच्या रूपात उरले. नायट्रेटची फीत आपोआप पेट घेई, दमट हवेत विरघळे आणि खेळ संपल्यावर तिच्यातली चांदी काढण्यासाठी ती विकली जाई. १९३१ चा ‘आलम आरा’ हा पहिला बोलपटही हाती लागलेला नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. तेथे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांचा माग काढून जी रिळे मिळवली, त्यामुळेच फाळके आज पाहता येतात. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जो भाग दाखवला जातो तो मूळ १९१३ चा नसून १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीतला आहे, असे संशोधकांचे म्हणणे आहे. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मात्र बऱ्यापैकी शाबूत आहे. त्यातला बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची कन्या मंदाकिनी. जुन्या चित्रपटांशी ओळख नसलेल्या माणसाला आधी हाच दाखवावा. या मुलीच्या चेहऱ्यावरचे भाव पाहताना तो मूकपट आहे याचा विसर पडतो.

पडद्यापाशी जमलेल्या गप्पांना नाशिकमध्ये छापील जोडही होती. ‘गावकरी’ वृत्तपत्र समूहाचे ‘रसरंग’ हे चित्रपट आणि क्रीडा यांना वाहिलेले साप्ताहिक नाशिकहून निघत असे आणि महाराष्ट्रभर वाचले जाई. इसाक मुजावर यांच्यासारख्या चित्रपट-इतिहासकाराचे नाव या साप्ताहिकाशी जोडलेले आहे. मुंबईच्या स्टुडिओंपासून दूर बसून मराठी-हिंदी चित्रपटांची इतकी खबर ठेवणारे नियतकालिक या शहरात चालले, त्यामागे येथला बोलका प्रेक्षकही होता. याच्या जोडीला चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या. गाणी, कलावंतांची नावे, कथेचा सारांश आणि ऐन मोक्याच्या जागी ‘पुढचे पडद्यावर पाहा’ अशी सूचना, असा त्यांचा ठरलेला साचा. हरवलेल्या चित्रपटांची श्रेयनामावली कित्येकदा या चोपड्यांतूनच जुळवावी लागते. ज्यांनी त्या ट्रंकेत जपल्या त्यांचे उपकार मोठे आहेत.

सातपूरच्या कामगारासाठी चित्रपट पाहणे म्हणजे शहरात जाणे होते. विजयानंद, सर्कल, हेमलता, मधुकर ही चित्रपटगृहांची नावे जुन्या प्रेक्षकांच्या बोलण्यात चित्रपटांच्या नावांइतकीच येतात. कोणता चित्रपट पाहिला याहून तो कुठे, कोणत्या पाळीनंतर, कोणाबरोबर आणि कितव्या रांगेत बसून पाहिला, हे आधी सांगितले जाते. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळचा खेळ गाठू शके, दुसऱ्या पाळीच्या माणसाला दुपारच्या आतच काय ते पाहावे लागे आणि रातपाळीवाला मॅटिनीला झोपे. मॅटिनीला जुने चित्रपट कमी दरात पुन्हा लागत. ‘पिंजरा’ (१९७२) किंवा दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१) पहिल्या वेळी चुकलेला माणूस तो पुन्हा लागण्याची वाट पाही. गणेशोत्सवात मोकळ्या मैदानावर पडदा लावून दाखवलेले ‘पिक्चर’ वेगळे. पडद्याच्या मागच्या बाजूने उलटे पाहिलेले चित्रपटही अनेकांना तपशीलवार आठवतात.

दूरदर्शनने या सवयी बदलल्या. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आला आणि १९८४ मध्ये देशभर प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले. कामगार वसाहतीत सुरुवातीला संच मोजक्या घरांत असे. सरकत्या दारांचा कृष्णधवल संच, पडद्यावरच्या मुंग्या, गच्चीवर अँटेना फिरवणारा मुलगा आणि खालून ‘आलं, आलं, थांब’ म्हणणारी आई हे चित्र त्या पिढीला कोणी वर्णन करून सांगावे लागत नाही. संच ज्याच्या घरी, त्याच्या ओसरीत सगळी आळी बसे. त्यामुळे कार्यक्रम चालू असतानाच बोलणे सुरू होई आणि संपल्यावर कट्ट्यावर पुढे चाले. सण, बारसे किंवा सत्यनारायण असला की रंगीत संच आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणून पहाटेपर्यंत तीन चित्रपट पाहण्याची पद्धत होती. कोणती कॅसेट आणायची यावरून आधी दोन दिवस वाद चाले. ‘धूमधडाका’ (१९८५) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांचे संवाद घराघरांत तोंडपाठ झाले ते याच काळात.

मराठी कार्यक्रमांपैकी ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’वरच्या गप्पांत आनंदाबरोबर हळहळ असते. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून केलेल्या या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होते. तिचे बहुतेक भाग आज पाहायला मिळत नाहीत. चित्रफिती महाग होत्या, म्हणून एका कार्यक्रमावर दुसरा ध्वनिचित्रित करणे ही केंद्राची नित्याची पद्धत होती. अशा मालिकेबद्दल ज्यांना काही आठवते त्यांची आठवण हाच तिचा उरलेला दस्तऐवज. आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ कार्यक्रमाने तर प्रेक्षकांच्या गप्पांनाच रूप दिले. कार्यक्रम पाहणाऱ्यांनी गावोगावी ‘ज्ञानदीप मंडळे’ स्थापन केली, पाहिलेल्यावर चर्चा केली आणि त्यातून स्थानिक कामेही उभी केली. महाराष्ट्रातल्या दूरचित्रवाणीच्या इतिहासात प्रेक्षकांना इतके गंभीरपणे घेतल्याचे दुसरे उदाहरण चटकन सापडत नाही. ‘गजरा’, ‘छायागीत’, ‘आमची माती आमची माणसं’, ‘साप्ताहिकी’ या नावांवर मात्र गप्पा लांबत नाहीत. नाव घेतले की सगळे हसतात आणि विषय पुढे जातो.

रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी दाखवले जाऊ लागले. त्या वेळी रस्ते ओस पडत असे देशभर सांगतात आणि नाशिकही त्याला अपवाद नव्हते. पण पंचवटीच्या गावात या मालिकेकडे पाहण्याची नजर निराळी होती. अरण्यकांडातले प्रसंग आले की पर्णकुटी कुठे असावी, गोदावरी कशी दाखवली, शूर्पणखेचे नाक कापले ती जागा कोणती, यावर घरोघरी बोलणे होई. चित्रण गुजरातेत उंबरगावला झाले होते, तरी प्रेक्षक पडद्यावर आपला घाट शोधत. रामकथेवरचा ‘लंकादहन’ मात्र नाशिकलाच चित्रित झाला होता आणि त्याला तेव्हा सत्तर वर्षे होत आली होती. ज्यांची सुट्टी रविवारी नसे त्यांना त्या दिवशीचा ‘रामायण’चा भाग जेवणाच्या सुट्टीत सोबत्यांकडून ऐकावा लागे. ऐकवणाऱ्याला सगळे क्रमाने सांगता येत असेल तर त्याच्याभोवती डबे उघडले जात. कथा सांगण्याची ही कामगारांतली रीत कीर्तनाच्या फार जवळची आहे. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ ला बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ आले आणि त्यातली पात्रे कारखान्यात टोपणनावे म्हणून चालू लागली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर दूरदर्शनने दोन्ही मालिका पुन्हा दाखवल्या आणि एप्रिलमध्ये जुन्या कार्यक्रमांसाठी ‘डीडी रेट्रो’ ही वाहिनी सुरू केली. १६ एप्रिलचा ‘रामायण’चा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असे दूरदर्शनने जाहीर केले. आजी-आजोबांनी ऐकवलेली मालिका नातवंडांनी प्रथमच त्यांच्या शेजारी बसून पाहिली. लहान मुलांना चमत्कारांची दृश्ये कच्ची वाटली आणि मोठ्यांना ती पूर्वी तशी वाटली नव्हती याचे आश्चर्य वाटले. या फरकावर झालेले बोलणे फार मोलाचे आहे, कारण तंत्र बदलले की जुन्या कलाकृतीत काय टिकते हे त्यातून कळते. ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहताना हा प्रश्न पडत नाही. तुकारामांच्या भूमिकेतल्या विष्णुपंत पागनीस यांच्यासमोर आजची मुलेही गप्प बसतात.

चित्रपट-मंडळांतल्या चर्चेपासून या गप्पा वेगळ्या ओळखाव्यात. भारतीय फिल्म सोसायटी महासंघ १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाला, मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. तेथे दिग्दर्शकाची शैली, छायालेखन, संकलन यांवर बोलले जाते. कारखान्याच्या दारापाशी चहाच्या टपरीवर बोलणारा माणूस नटापासून आणि प्रसंगापासून सुरुवात करतो. ‘सामना’तले (१९७४) निळू फुले आणि श्रीराम लागू यांच्यावर तो तासभर बोलेल आणि त्यात साखर कारखाना, सरपंच, गावातली हाणामारी असे स्वतःच्या तालुक्यातले सगळे येईल. या दोन्ही बोलण्यांची गरज आहे. मात्र मंडळांच्या चर्चा अंकांतून छापल्या गेल्या, टपरीवरच्या कुठेच नोंदल्या गेल्या नाहीत. ज्या पिढीने सातपूरचे पहिले कारखाने आणि दूरदर्शनची पहिली वर्षे दोन्ही पाहिली ती आता निवृत्त आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यांवर या गप्पा सकाळच्या फेरफटक्यानंतर रोज चालू असतात. चित्रपटाचे साल चुकले की कोणी तरी ते दुरुस्त करते, आणि तो चित्रपट कोणाच्या लग्नाच्या वर्षी लागला होता यावरून खात्री केली जाते.