कुडी, कुदळ आणि ग्रॅहॅम बेल

गेल्या मे महिन्यात वाईच्या आमच्या घराच्या परसात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. ठेकेदार टेप घेऊन मापं काढू लागला तशी आई मागच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आधी माझी कुडी शोधा. मग काय ते सिमेंट ओता."

ही कुडी हरवली १९९३ साली, नरकचतुर्दशीच्या सकाळी. सात मोत्यांची, मधे माणिक, मागे सोन्याची दांडी आणि फिरकी. जोडीतली एक गेली, एक राहिली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर आमच्या घरातलं हे सगळ्यात जुनं थकित येणं. आमच्या शाखेत इतकं जुनं येणं केव्हाच निर्लेखित झालं असतं. पण आई म्हणजे बँक नव्हे. तिच्या वहीत व्याजही चढत असतं.

तेव्हा काय कमी शोधलं होतं? मी दहावीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत गव्हाच्या चाळणीने अंगण चाळलं. शेवटी वडिलांनी सराफकट्ट्यावरून एक झारेकरी आणला. सोनारांच्या दुकानापुढची धूळ धुऊन त्यातून सोन्याचे कण वेचणारी ही माणसं. घमेलंभर मातीत गुंजभर सोनं असलं तरी ती त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्याने दोन दिवस माती धुतली. त्याला एक चार आण्याचं नाणं मिळालं, ते त्याने वडिलांच्या हातात आणून ठेवलं.

आणखी एक गोष्ट तेव्हा झाली. आमच्याकडे धुण्याभांड्याला एक मावशी यायच्या. त्यांना कोणी चोर म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. फक्त पाडव्यापासून आईच्या कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली तिच्या कमरेला गेली. मावशींनी भांडी घासता घासता ते कुलूप पाहिलं. आठ दिवसांनी त्या यायच्या बंद झाल्या. बघा, आल्या नाहीत, असं घरात कोणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यात माझीही होती.

असो. तर ठेकेदाराला आठ दिवस थांबवलं आणि मी आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाकडून मेटल डिटेक्टर मागून आणला. काठीच्या टोकाला ताटली लावावी तसं हे यंत्र. ताटलीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज जमिनीत चुंबकीय लहरी सोडते. खाली धातू असला तर त्याच्यातही वीज फिरू लागते, आणि ती उलट निरोप पाठवते. मग यंत्र ओरडतं. सिद्धांत इतका सोपा की कॉमर्सवाल्यालाही कळावा. अडचण एकच. सोन्याचा बारीक दागिना आणि औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पट्टी यांचा निरोप जवळजवळ सारखाच येतो. आमच्या घरात तीन पिढ्यांना रक्तदाब आहे. पहिल्या तासात मी अकरा वेळा श्रीमंत झालो.

दुपारनंतर तर ते ओरडायचं थांबेना. तुळशीपाशी ओरडे, ओसरीत ओरडे, मी उभा राहीन तिथे ओरडे. संध्याकाळी मुलीने शोध लावला: माझ्या कोल्हापुरी चपलांच्या टाचांत खिळे होते. मी दिवसभर स्वतःलाच शोधत होतो.

रात्री शरमेपोटी या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला आणि मनाला फार बरं वाटलं. माझ्यासारखाच गाढवपणा प्रत्यक्ष अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या वाट्याला आला होता, तोही अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या अंथरुणापाशी.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात चार्ल्स गिटो नावाच्या माथेफिरूने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत शिरली ती सापडेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. डॉक्टर मंडळी न धुतलेली बोटं जखमेत घालून गोळी चाचपत होती. मुख्य होते डॉक्टर ब्लिस. यांची गंमत अशी की आईबापांनी बारशालाच त्यांचं नाव 'डॉक्टर' ठेवलं होतं. म्हणजे ते डॉक्टर डॉक्टर ब्लिस. अशा माणसाला चूक दाखवायची कोणी?

बेलने पाच वर्षांपूर्वी टेलिफोनचं पेटंट मिळवलेलं. त्याने घाईघाईने एक यंत्र जुळवलं. अंगावरून वेटोळं फिरवायचं, कानाला टेलिफोन लावायचा, धातू आला की गुणगुण ऐकू येणार. प्रयोगशाळेत ते झकास चाललं. जुलैअखेर एकदा आणि १ ऑगस्टला पुन्हा, असं दोनदा ते गारफिल्डवरून फिरवलं. दुसऱ्या खेपेला तर सगळीकडेच अस्पष्ट गुणगुण. मागाहून कळलं, राष्ट्राध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची जाळी होती. वाचता वाचता मी कोपऱ्यातल्या चपलांकडे पाहिलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गोळी शरीराच्या उजव्या बाजूला आहे अशी डॉक्टर डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती, म्हणून बेलला त्यांनी तपासू दिलं ते उजवीकडेच. गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले. शवविच्छेदनात गोळी निघाली मणक्याच्या डावीकडे.

पुढचा इतिहास लवकर आटपतो. गेरहार्ड फिशर या जर्मनीहून आलेल्या इंजिनियराने १९३१ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे आपल्या गॅरेजात असली यंत्रं बनवायचा धंदा काढला. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग हुडकणारं यंत्र केलं. १९४२ साली अल-अलामीनच्या वाळवंटात अशी पाचशे यंत्रं सैन्यापुढे चालली. त्याने पेटंट घेतलं नाही, यंत्र ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. बदल्यात राजाकडून आभाराचं पत्र आलं. (अशा पत्रांची मला नोकरीमुळे चांगली ओळख आहे.) युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रं भंगाराच्या भावात विकली गेली, आणि ज्या यंत्राने सैनिकांचे पाय वाचवले त्याने लोक घरामागच्या हिरवळीत बायकांच्या अंगठ्या शोधू लागले.

इंग्लंडात सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी १९९२ साली एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याच्या एरिक लॉज नावाच्या मित्राने यंत्र फिरवलं, तर रोमन काळातली जवळजवळ पंधरा हजार सोन्याचांदीची नाणी आणि सोन्याचे दागिने निघाले. लॉजने थोडं उकरल्यावर हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवलं. दोघांना मिळून साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

ही गोष्ट मी सकाळी चहाला मोठ्याने सांगितली, ही चूक झाली. तासाभरात पलीकडचा चुलतभाऊ कुंपणावरून आला. म्हणाला, "दादा, हे परस वाटणीच्या आधीचं आहे, लक्षात असू दे. काही निघालं तर निम्मं." मला १९७६ ची आठवण झाली. आणीबाणीत जयपूरच्या जयगड किल्ल्यात सरकारने खजिन्यासाठी महिनोन् महिने शोध चालवला होता. ऑगस्टमध्ये पाकिस्तानच्या भुट्टोंचं इंदिरा गांधींना पत्र आलं, की फाळणीच्या वेळच्या करारानुसार त्यात आमचाही वाटा आहे. इंदिराबाईंनी वर्षअखेर उत्तर पाठवलं: तुमचा हक्क पोचत नाही, आणि खजिना तर सापडलेलाच नाही. मी भावाला तेच उत्तर दिलं. वर १८७८ चा निधीचा कायदाही सांगितला, की जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. कलेक्टरचं नाव निघताच त्याने हक्क सोडला आणि कुदळ हातात घेतली. भाऊ स्वभावाने चांगला आहे.

तोवर आम्ही आई सांगेल तिथेच शोधत होतो. आईची खात्री होती: अंघोळ झाली, कुड्या घातल्या, तुळशीला पाणी घातलं, तिथेच पडली. तुळशीभोवती आम्ही विहीर व्हायच्या बेताला आलो होतो. त्या दिवशी मी अनवाणी उभा होतो आणि डोक्यात डॉक्टर डॉक्टर ब्लिस. आईला विचारलं, "अभ्यंगस्नानाच्या वेळी कुड्या कानातच असल्या तर?"

"मी कुड्या घालून न्हाईन का रे?"

"पहाटे चारला, झोपेत?"

आई बोलली नाही. मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून मागच्या अळूत जातं. अळूकडे आम्ही फिरकलोच नव्हतो. तिथे आई कधी जात नसे. अळू तोडायच्या त्या मावशी.

भावाने पाती बाजूला केली. यंत्र एकदा ओरडलं: खिळा. दुसऱ्यांदा: पावडरच्या डब्याचं झाकण. तिसरा आवाज बारीक होता, गोळ्यांच्या पट्टीसारखाच. तीन बोटं माती काढली. चिखलाचा गोळा मुलीने तांब्याखाली धरला. मोती शेणाच्या रंगाचे झाले होते, दोन तर नव्हतेच. दांडी मात्र काल केल्यासारखी पिवळीधमक. फिरकी नव्हती. फिरकीच ढिली झाली असणार.

भाऊ "सापडली, सापडली" म्हणून ओरडला. ठेकेदाराची माणसंही गोळा झाली. आईने कुडी पदराने पुसली, आत जाऊन डबा आणला आणि तिच्या जोडीदारणीशेजारी ठेवली. मला वाटलं, आता रडेल. ती नुसतीच बघत बसली. मग म्हणाली, "मावशींची मुलगी मेढ्याला दिली होती ना?"

"हो, बहुतेक."

"मेढ्याची एसटी किती वाजता असते, ते विचारून ये."

मी म्हटलं, कोणाकडून तरी फोन नंबर काढू.

"ही फोनवर सांगायची गोष्ट आहे का?" आई म्हणाली. "आणि तूही चल. मान तूही हलवली होतीस."