विजार बुटात की बूट विजारीत?

वैशाखाच्या उकाड्यात जेथे चपलेचा पट्टाही पायाला जड वाटतो, तेथे आम्ही घोट्याच्या वर चढणाऱ्या बुटांवर बोलणार हे ऐकून काही स्नेह्यांनी आमची थट्टा केली. इतिहास म्हटला की तह, लढाया आणि राजांच्या वंशावळी, असा आपला समज असतो. परंतु राजाने तह कोठे केला हे जसे कागदावर राहते, तसेच सामान्य माणसाने दिवसभर कोणते काम केले हे त्याच्या कपड्यांवर राहते. तो कागद वाचण्याची सवय मात्र आपल्याला नाही.

आज निळी जीन्स आणि उंच बूट घालणारा तरुण आरशासमोर उभा राहतो, तेव्हा त्याला एक प्रश्न पडतो. जीन्स बुटात खोचावी, बुटावरून खाली सोडावी, की तिची कड दुमडून वर घ्यावी? प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. पण गेली दीडशे वर्षे त्याचे उत्तर आरशाने दिलेले नाही, ते कामाने दिलेले आहे. आम्हाला आज सांगायचे आहे ते एवढेच.

प्रारंभी शब्दांचा खुलासा करू. मराठीत आपण पायात घालायच्या साऱ्याच बंद पादत्राणांना सरसकट 'बूट' म्हणतो. येथे आम्हाला अभिप्रेत आहे तो घोटा झाकणारा किंवा पोटरीपर्यंत जाणारा बूट. कापडाच्या नावांत तर भूगोलच दडलेला आहे. 'जीन' हे नाव इटलीतील जिनोआ बंदरावरून आले आणि 'डेनिम' हे फ्रान्समधील नीम शहरावरून आले, अशी परंपरागत व्युत्पत्ती आहे. आणि तिसरे नाव? खलाशी आणि मजूर यांच्या जाड्याभरड्या पोशाखाला इंग्रज ज्या शब्दाने ओळखतो, तो 'डंगरी' हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीचा आहे. त्या भागात विकल्या जाणाऱ्या जाड सुती कापडाचे नाव सतराव्या शतकातच इंग्रजीत गेले. डोंगरीच्या विणकराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याच्या कापडाचे नाव मात्र साऱ्या जगात पोहोचले.

आता बुटाकडे वळू. १८०३ साली असई, अडगाव आणि गाविलगड येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली आपल्याला परिचित आहे. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याच्या काळात इंग्रज पुरुषांचा पोशाख बदलत होता. गुडघ्यापर्यंतची घट्ट तुमान मागे पडून पायघोळ विजार येत होती. जुन्या हेसियन बुटाला वरच्या कडेवर गोंडा असे, आणि त्याच्यावरून विजार नीट बसत नसे. तेव्हा वेलिंग्टनने आपल्या बूट बनविणाऱ्याकडून गोंडा काढून टाकलेला, पायालगत कापलेला, विजारीखाली सहज जाणारा बूट करवून घेतला. विजार आणि बूट यांचा तंटा त्या पेढीवर असा मिटला! हा वेलिंग्टन बूट पुढे अमेरिकेत गेला, सैनिकांच्या पायी चढला, आणि गुराख्यांच्या बुटाच्या पूर्वजांत त्याची गणना होऊ लागली.

त्याच अमेरिकेत, नेव्हाडा प्रांतातील रीनो या गावी, जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मूळचा तो रीगाचा. १८७० च्या सुमारास एका लाकूडतोड्याच्या बायकोने त्याच्याकडे तक्रार आणली की, नवऱ्याच्या विजारी टिकत नाहीत. डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. घोड्याच्या सामानासाठी वापरायची ती वस्तू होती. त्याने ती विजारीला लावली. मागणी वाढली, तेव्हा त्याने आपल्याला कापड पुरविणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याला भागीदारीत घेतले, आणि २० मे १८७३ रोजी दोघांना पेटंट मिळाले. जगभर नाव झाले ते व्यापाऱ्याचे. शिंप्याचे नाव इतिहासकारांना शोधून काढावे लागले!

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्रपटांमुळे आपल्याला वाटते की, अमेरिकेतील गुराखी पहिल्यापासून जीन्स घालत असत. वास्तविक ती प्रथम खाणकामगार, लाकूडतोडे आणि मजूर यांची विजार होती; जुने गुराखी पुष्कळदा लोकरीच्या विजारी वापरीत. त्यांची खरी खूण होती ती बुटाची. यादवी युद्धानंतर टेक्सासमधून हजारो गुरे हाकीत कॅन्ससच्या रेल्वे-ठाण्यांपर्यंत न्यायची. ॲबिलीनचे ठाणे १८६७ साली सुरू झाले. दिवसेंदिवस खोगिरावर बसणाऱ्या त्या माणसाच्या बुटाचा एकेक अवयव कामातून निघाला आहे. रिकिबीत पाय चटकन शिरावा म्हणून बूट पुढे निमुळता केला. पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये म्हणून टाच उंच ठेवली. काट्याकुट्यांपासून पोटरी वाचावी म्हणून वरचा भाग उंच घेतला. घोडा उधळला आणि स्वार फरफटू लागला, तर पाय बुटातून निसटावा म्हणून त्याला नाडी ठेवली नाही. आणि हे गुराखी केवळ गोरे नव्हते. गुरे हाकण्याची विद्या मेक्सिकन 'वाकेरो'ची होती, आणि गुलामीतून सुटलेले अनेक कृष्णवर्णीयही त्या धंद्यात होते. पडद्यावर मात्र त्यांना दीर्घकाळ जागा मिळाली नाही.

मग जीन्स आणि हा बूट यांची गाठ कोणी घातली? ती घालण्यात रोडिओचे खेळ आणि चित्रपट यांचा जसा वाटा आहे, तसाच सुटीवर आलेल्या शहरी माणसांचा आहे. १९३० नंतरच्या दशकात पूर्वेकडील सुखवस्तू मंडळी पश्चिमेच्या कुरणांवर पाहुणी म्हणून जात आणि गुराख्याचा वेष हौसेने घालीत. पुढे १९४७ साली रॅंग्लर जीन्स काढणाऱ्या ब्लू बेल कंपनीने 'रोडिओ बेन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिंप्याकडून खास स्वारांसाठी जीन्स बेतून घेतली. तिचे रिव्हेट सपाट होते, कारण उंच रिव्हेटांनी खोगिराला ओरखडे पडत. तिचे मागचे खिसे वर घेतले होते, आणि पायाचा घेर बुटावरून खाली उतरेल असा होता. गुराख्याच्या बुटावर जीन्स खाली सोडावी हा संकेत येथे पक्का झाला.

कड दुमडण्याचा इतिहास निराळा आहे. जुने डेनिम धुतले की आटे; म्हणून विजार लांब घ्यायची आणि उरलेली कड वर दुमडायची. त्यात ऐट कसली, काटकसर होती! आगगाडीच्या इंजिनावर काम करणाऱ्यांसाठी निघालेला, नाडीऐवजी पट्टा-बकल असलेला बूट दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारसायकलवाल्यांनी उचलला. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' या चित्रपटात मार्लन ब्रँडो दुमडलेली जीन्स आणि असे बूट घालून आला, आणि मजुराची काटकसर तरुणांच्या बंडाची खूण झाली. ब्रिटनमध्ये त्या चित्रपटाला १९६७ पर्यंत सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र मिळाले नाही, एवढी त्या वेषाची धास्ती होती.

त्याच ब्रिटनची शेवटची गोष्ट सांगतो. क्लाउस मार्टेन्स या जर्मन लष्करी डॉक्टरचा घोटा १९४५ साली दुखावला. चालताना त्रास कमी व्हावा म्हणून त्याने हवा कोंडलेल्या मऊ तळव्याचा बूट तयार केला. नॉर्दम्प्टनशायरमधील ग्रिग्ज मंडळींनी १ एप्रिल १९६० रोजी तो आठ भोकांचा बूट इंग्लंडात काढला. टपालवाले आणि कारखान्यांतील कामगार त्याचे पहिले गिऱ्हाईक. त्या दशकाच्या अखेरीस लंडनमधील कामकरी वर्गातील तरुणांनी जीन्स दुमडून हा बूट मुद्दाम उघडा दाखवायला प्रारंभ केला. त्यांच्या संगीताचे प्रेरणास्थान जमैकातून आलेले लोक होते. आणि तरीही त्यांच्यातील काही टोळ्यांनी १९७० च्या सुमारास आपल्या उपखंडातून तेथे गेलेल्या माणसांवर हल्ले केले. दुखऱ्या पायासाठी शोधलेला बूट दुसऱ्याच्या बरगडीवर पडला. दोष बुटाचा नव्हे. परंतु वेष घेतला आणि ज्याच्यापासून घेतला त्या माणसाला विसरले, की काय होते ते येथे दिसते.

आता आरशासमोरच्या तरुणाला काय सांगावे? निमुळत्या टोकाचा, उंच टाचेचा बूट असेल तर सरळ अथवा खाली किंचित रुंद जीन्स बुटावरून सोडावी, कारण तो बूट रिकिबीसाठी घडला आहे. नाडीचा, जाड तळव्याचा कामकऱ्याचा बूट असेल तर सरळ जीन्सची कड दोन बोटे दुमडावी, म्हणजे नाडी आणि घोटा दिसतो. कापड खाली चुण्या पडून गोळा होत असेल तर शिंप्याकडे जाऊन ते कमी करून घ्यावे. गुडघ्यावर फाटलेली जीन्स विकत घेण्यापेक्षा ती वापरून फाटू द्यावी, हे आमचे वैयक्तिक मत. ते मान्य असावे असा आग्रह नाही.

मात्र एक आग्रह आहे. लाकूडतोड्याची बायको, रीनोचा शिंपी, वाकेरो, इंजिनावरचा कामगार आणि डोंगरीचा निनावी विणकर एवढी माणसे त्या एका पोशाखात उभी आहेत. आपण तो हौसेने घालतो, यात गैर काही नाही. परंतु रस्त्याच्या कडेला खणणारा मजूर पायात फाटकी चप्पल घालून उभा असेल, तर आपल्या पायातील कामकऱ्याच्या बुटाने आपल्याला क्षणभर थांबविले पाहिजे. ज्याच्या श्रमाने वेष घडला त्याला मान देता येत नसेल, तर विजार बुटात खोचली काय आणि बाहेर सोडली काय, दोन्ही सारखेच!